शमशेरच्या गच्चीवरून गेलेला डॅशबोर्ड

शुक्रवारी दुपारी चार वाजता शमशेर मदिहा बागवानच्या ऑफिसात आला आणि खुर्चीत न बसता उभाच राहिला.

"ताई, माझ्या गच्चीवरून एका बोटीचा डॅशबोर्ड गेलाय," तो म्हणाला. "सहापर्यंत मिळाला नाही, तर माझं नाव चोर म्हणून सगळ्या बोटवाल्यांच्या ग्रुपवर पडणार."

मदिहा साताऱ्यात खासगी तपासाचं काम करायची. तिचा कामातला जोडीदार बाळासो, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "बोट साताऱ्यात? पाणी कुठाय?"

"बोट कोयनेच्या पाण्यात आहे. डॅशबोर्ड माझ्याकडं आहे. म्हणजे होता."

शमशेर जुन्या गाड्यांचे पिवळे पडलेले डॅशबोर्ड पुन्हा पांढरे करून द्यायचा. बोटीचं हे त्याचं पहिलंच काम. बोट आकाराम आण्णांची, वीस वर्षांची. मुलगा यशराज याचं रविवारी लग्न होतं आणि नवरी त्याच बोटीतून पलीकडच्या गावी जाणार होती. हे काम पसंत पडलं, तर बाकीचे बोटवालेही आपलं काम देणार होते.

"बोट त्याशिवाय चालत नाही?" मदिहाने विचारलं.

"स्टेअरिंग त्याच्यातूनच जातं, ताई."

वाटेत रिक्षात तिने त्याला कामाची पद्धत विचारली.

"आधी स्टिकर-बिकर काढून धुवायचं. मग केसाला लावतात ती पेरॉक्साइडची क्रीम थापायची. वर पारदर्शक प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा आणि उन्हात ठेवायचं. ऊन पिवळेपणा खातं. हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही. बोटं चुरचुरतात, पांढरी पडतात. दोन-चार तासांनी उतरतं ते."

"या डॅशबोर्डवर स्टिकर होते?"

त्याने मोबाइलमधला फोटो दाखवला. प्रत्येक कामाआधी तो फोटो काढायचा. पिवळा जर्द डॅशबोर्ड, दोन हात लांब. डाव्या कोपऱ्यात नऊ-दहा लाल टिकल्या.

"या काढल्या. खाली मूळचा पांढरा रंग होता, गोल गोल. तिथं क्रीम लागली तर प्लास्टिक भुरकं पडतं, म्हणून टेपचे गोल कापून लावले. भोवतालचं पांढरं झालं की ते ठिपके दिसणारच नव्हते."

"बायकामाणसं बसत असतील त्या बाजूला," बाळासो म्हणाला. मदिहा फोटो मोठा करून बघत राहिली.

गच्चीवर एका अंगाला शमशेरचं टेबल होतं. त्यावर डॅशबोर्डचे दोन छोटे भाग, एक झाकण आणि एक कड, क्रीम लावून कागदात गुंडाळलेले तसेच होते. मोठ्या भागाचा कागद मात्र चौकोनी घडी घालून दगडाखाली ठेवला होता. पाण्याच्या पिंपाजवळ फरशीवर क्रीमचा फेस वाळला होता.

"चोर शिस्तीचा दिसतोय," बाळासो म्हणाला. "पलटणीतला असंल."

"हातमोजे कुठे होते, शमशेरभाई?"

"माझ्या खिशात. एक वाजता जुम्म्याच्या नमाजाला गेलो, सव्वादोनला आलो. तेवढ्यातच गेला."

गच्चीच्या दुसऱ्या अंगाला तीन बाजा होत्या. बाजांवर गोधड्या, गोधड्यांवर साड्या आणि साड्यांवर कुरडया. मागे खालच्या मजल्यावरच्या सुलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"मी न्हाई नेला बया तो," त्या आधीच म्हणाल्या. "वास सुटतो त्याचा, हे खरं. माझ्या कुरडया बाटतील म्हून मी याला दोनदा बोलले. पर मी दुपारची झोपते."

"आज काही वेगळं घडलं का, मावशी?"

"काय घडायचंय? ही मधली बाज तेवढी नीट न्हाई. सकाळी सारख्या घातल्या कुरडया, आता बघा, सगळ्या कडेला जमल्यात. वारं बी न्हाई."

"बाज जुनी झाली असंल," बाळासो म्हणाला.

"तुमी जुनं झालाय. बाज औंदा विणून घेतलीय."

गच्चीचा जिना बाहेरून होता आणि समोरच राजवर्धनचं बॅटरीचं दुकान होतं. बोटींच्या कामावर त्याचाही डोळा होता, हे शमशेरने खाली उतरताना सांगितलं होतं. राजवर्धनने ते नाकारलं नाही.

"पाहिजेच होतं मला ते काम. पण प्लास्टिक चोरून मी काय बॅटरी चार्ज करू? दुकान सोडून हललोच नाही. जेवलोसुद्धा इथंच."

"एक ते सव्वादोन, जिन्यावरून कोण गेलं?"

"आकाराम आण्णा. दीडला चढले, वीसेक मिनिटांनी उतरले. दोन्ही वेळा रिकामे हात. दुसरं कुणी नाही. एवढा मोठा डॅशबोर्ड काय खिशात घालून नेणार?"

आकाराम आणि यशराज लग्नाच्या खरेदीसाठी साताऱ्यात आले होते आणि शमशेरच्या दुकानातच बसले होते. यशराज संतापला होता.

"मॅडम, तपास कसला करताय? यानेच विकला असणार. मी सहाची वेळ दिलीय."

"कुणाला विकेल? वीस वर्षांच्या बोटीचा डॅशबोर्ड दुसऱ्या कुठल्या बोटीला बसतो?"



मदिहा आण्णांकडे वळली. "काका, तुम्ही वर गेलात तेव्हा डॅशबोर्ड होता?"

"व्हता तवा," आण्णा म्हणाले. "काम कसं चाललंय बघितलं आन आलो खाली."

त्यांची बोटं पांढरी दिसत होती. बाळासोच्याही ते लक्षात आलं. "चुना लागलाय, आण्णा."

"व्हय. पुसायचा राहिला."

"मग घ्या की आमची बी चिमूटभर." बाळासोने तंबाखूची पिशवी पुढे केली.

"नगं. सा वर्सं झाली सोडून. यशराजच्या आईनं सोडवली."

"आई कुठे असतात?" मदिहाने विचारलं.

"गेली. चार वर्सं झाली," यशराजच म्हणाला.

मदिहा उठली. "चला, सगळे गच्चीवर. राजवर्धनला पण बोलवा."

वर सगळे बाजांभोवती उभे राहिले. उन्हं कलली होती.

"राजवर्धन खरं बोलत असेल, तर डॅशबोर्ड जिन्यावरून उतरलाच नाही," मदिहा म्हणाली. "आणि तो खरं बोलतोय. खोटंच बोलायचं असतं, तर आण्णा काहीतरी घेऊन उतरले असंच म्हणाला असता. मावशी, सारख्या घातलेल्या कुरडया वारा नसताना कडेला कधी जातात?"

सुलाबाईंनी मधल्या बाजेवरच्या गोधडीखाली हात घातला. "आगं माझे आई," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डॅशबोर्ड बाहेर ओढला. चार-पाच कुरडया मोडल्या.

शमशेरने पुढे होऊन तो धरला.

"आता ठेवला कुणी?" मदिहा म्हणाली. "चोराने छोटे भाग सोडले, म्हणजे त्याला विकायचं नव्हतं. कागद काढला, क्रीम धुतली. पळणाऱ्याला एवढा वेळ नसतो. त्याला काम थांबवायचं होतं. हातमोजे शमशेरभाईंच्या खिशात, म्हणजे धुणाऱ्याची बोटं पांढरी होणारच. सहा वर्षं तंबाखू न खाणाऱ्याच्या बोटांना चुना कशाला लागेल?"

यशराजने वडिलांकडे पाहिलं. "आण्णा?"

"ते का, हे फोटोत आहे. टिकल्या," मदिहा म्हणाली. "डाव्या बाजूला बसणाऱ्या बाईने लावलेल्या. बरोबर ना, काका?"

आण्णा डॅशबोर्डच्या कोपऱ्यावर हात ठेवून म्हणाले, "अंजना, याची आई, बाजारला जाताना बोटीतनं पाण्यात हात घालून त्वांड धुवायची. टिकली काढून हितं लावायची. मग पिशवीतनं नवी काढायची. जुनी ऱ्हायची तशीच. मी म्हणायचो, बोट हाय का तुझा आरसा. वर आलो तर टिकल्या न्हाईत, पर टेप काढली तवा तिथं पांढरं गोल दिसलं. आन भवतालचं बी पांढरं व्हत चाललेलं. अजून दोन तासांनी कायच दिसलं नसतं."

"मला सांगायचं की," यशराज म्हणाला.

"लगीन तुझं. हौसेनं करतोयस. त्यात माझं रडगाणं कुठं घालू? सांच्याला गुपचूप न्यायचा, आन जुनाच बशिव म्हणायचं, असं ठरिवलं. तू या गड्याला चोर म्हणशील, हे डोस्क्यातच आलं न्हाई. आन म्हणलास तवा माझी जीभच उचलंना."

यशराजने शमशेरजवळ जाऊन हात जोडले. शमशेरने डॅशबोर्ड उन्हाकडे धरून पाहिला. नऊ ठिपके अजून ओळखू येत होते.

"हा कोपरा वीतभर पिवळाच ठेवतो," तो म्हणाला. "बाकीचा उद्या दिवसभरात पांढरा होईल. मध्ये बारीक रेघ मारून देतो. मुद्दाम केल्यासारखं दिसेल."

"आन माझ्या कुरडया?" सुलाबाईंनी विचारलं.

"लग्नाला या, वैनी. मोडक्या कुरडया बी घेऊन या," आण्णा म्हणाले. "तळल्यावर कुणाला कळतंय."

मग त्यांनी यशराजचा मोबाइल मागून घेतला आणि ग्रुपवर बोलायचं बटण कुठलं ते विचारलं. यशराजने दाबून धरलं.

"आमी आकाराम बोलतोय. शमशेरभाईच्या गच्चीवरनं डॅशबोर्ड गेला, असं कुणाच्या कानावर आलं असंल तर ऐका. चोर मीच हाय. माल सापडला. गडी इमानदार हाय, त्याला बिनघोर काम द्या. रविवारी सगळ्यांनी लग्नाला या. बोट आमच्या अंजनाची हाय, हे म्या ग्रुपवर कवा सांगितलं नव्हतं, ते बी सांगतो."

सगळे जिना उतरत होते, तेवढ्यात पहिलं उत्तर आलं. यशराजने थांबून मोठ्याने वाचलं: "शमशेरभाई, आमच्या बोटीचा डॅशबोर्ड सोमवारी आणतो. आमचा म्हातारा मात्र घरीच ठेवतो."

सगळ्यात मोठ्याने आण्णाच हसले.