जकात नाक्यावरची हजेरी

"दिवेलागणीला नाव घेऊन हाक मारू नगं पोरी... ज्याला जायला घर न्हाई, त्ये ओ देतंय."

हा आवाज चांगुणामावशीच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा. उसाच्या फडावर, पाचटानं शाकारलेल्या कोपीत, चुलीपुढं बसून ऐकलेला. मावशी तेव्हा परकर नेसायची. आता तिचे केस पिकले, आई जाऊन जमाना झाला. आवाज मात्र कानातून गेला नाही.

चांगुणामावशी माझी सख्खी मावशी. ती खोटं बोलत नाही. जन्मात एकदाच बोलली... आणि तेच मी सांगतोय. पटो न पटो, घडलंय ते असं.

परभणी जिल्ह्यातलं, गोदावरीकाठचं एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, कारण तिथला बेघर निवारा अजून चालू आहे. जुन्या जकात नाक्याच्या इमारतीत एक लांबलचक खोली, लोखंडी खाटा, दारात लिंबाचं झाड. खर्च सरकारी अनुदानाचा. राखणं, रांधणं, आजाऱ्याचं करणं मावशीकडं.

यातली कितीतरी माणसं तिनं स्वतः एसटी स्टँडवरून उठवून आणली होती. थंडीनं आखडलेली. कुणी सुनेनं हाकललेली, कुणी ऊसतोडीच्या टोळीबरोबर येऊन मागं राहिलेली.

सांज झाली की ती दारात उभी राहून हजेरी घ्यायची. पण नाव घेऊन नाही. "खिडकीवाले काका?" "भिताडाकडची माय?" असं. आईचं बोलणं पाळायची.

मागच्या पौषातली गोष्ट.

शेजारच्या गावात सप्ताह होता. काल्याचं जेवण. निवाऱ्यातली झाडून सगळी माणसं सकाळीच गेली. मुक्काम तिकडंच करणार होती.

आणि नेमकी त्याच संध्याकाळी दारात जीप थांबली.

तपासणीचे साहेब. बरोबर कुणी नाही. लाईट गेलेली.

"मावशी, माणसं कुठायत?"

"काल्याला गेलेत साहेब. रोज माझ्याच हातचं पिठलं खाऊन कटाळलेत बिचारे."

साहेब हसले नाहीत.

"खाटा रिकाम्या अन् अनुदान चालू. असं कसं? झोपणारेच नसतील तर हे बंद होणार. इथं दुकानांचे गाळे काढायचं घाटतंय."

"सकाळच्याला या की. समदे असतेत."

"मला आजचं लिहायचंय."

मावशीनं फाटकाकडं बघितलं. बाहेर वारं सुटलं होतं. हाडं फोडणारं. या वाऱ्यात ती सगळी म्हातारी पुन्हा स्टँडच्या फरशीवर... तिला पुढचं बघवेना.

"आत हायेत काही जण," ती बोलून गेली. "आजारी. अंधारात पडलेत. थांबा, हाक मारते."

तिनं ठरवलं होतं, हाक मारायची, ओ आली नाही की म्हणायचं, झोप लागली असंल. पण नाव कुणाचं घ्यायचं? जित्या माणसाचं नाव जिभेवर आलं, आणि आईचं बोलणं आडवं आलं. त्याच्या नावाला भलत्याच कुणी ओ दिली, अन् उद्या त्याला काही झालं तर?

मग मेलेल्याचं घेऊ. मेलेल्याला आता काय व्हायचंय!

"गोपीचंद!"

खोलीत काही हललं नाही.

लिंबाची पानं वाजायची थांबली.

आणि आतून...

"ओ."

गोपीचंद मोंढ्यातला, धान्यबाजारातला हमाल. आषाढात खोकून खोकून इथंच गेला होता. तिरडीला खांदा द्यायला मावशीनंच माणसं गोळा केली होती.

साहेबांनी कागदावर खूण केली. "पुढं?"

मावशीला थांबायचं होतं. तोंड थांबेना. निवाऱ्यात मरून गेलेल्यांचीच नावं एकामागून एक येत गेली.

"माऊली!"

कोपऱ्यातली खाट करकरली. कुणीतरी कुशीवर वळावं तशी. "हाय... हाय..."

"धुरपदाबाई!"

ओ आली नाही. बांगड्या वाजल्या. काचेच्या. मग अंधारातून ओवी आली, जात्यावर बसल्यासारखी संथ...

*दारी आली सांज बाई, दिवा लावू कुण्या घरी*
*भुई मला अंथराया, आभाळ गं अंगावरी...*

"गळा गोड आहे हो म्हातारीचा," साहेब म्हणाले. त्यांनी मोबाईलचा उजेड आत टाकला. खाटेखाटेवर पांघरुणं फुगलेली. डोक्यावरून ओढलेली. "बरीच आहेत की. उगं घाबरलात."

मावशी उंबऱ्याकडं बघत होती.

बाहेर एकही चप्पल नव्हती.

जीप गेली. लाईट आली. खोली रिकामी. पांघरुणं घडी घालून ठेवलेली, जशीच्या तशी. तिनं एका घडीवर हात ठेवला...

आतून ऊबदार होती.

अनुदान वाचलं. माणसं परत आली. सूर्यभानकाका, पायानं अधू, थट्टेखोर माणूस, आपल्या खाटेवर आडवे झाले आणि ताडकन उठले.

"चांगुणा, हिथं कुणीतरी हाय."

"कोण असंल? रिकामी तर हाय."

"दिसायला रिकामी. म्या निजलो की बाजूला सरकायलंय कुणीतरी... मला जागा करून द्यायलंय." मग आवाज उतरला. "अंग लय गार हाय गं त्याचं."

मावशीनं त्यांचं अंथरूण ओसरीवर टाकलं.

एकेक करत सगळे ओसरीवर आले. आत अनुदानातून आलेल्या नव्या गाद्या, नवी घोंगडी, आणि जिती माणसं बाहेर वाऱ्यात एकमेकाला चिकटून. हजेरी तिनं बंद केली. तरी सांज झाली की आतून ओ यायची, हाक न मारता. आणि तिनं बोलावलं होतं त्याहून जास्त गळ्यांची.

मी एकदा तिला भेटायला गेलो होतो. आत पाऊल टाकलं नाही. नुसतं दारात उभं राहिल्यानं अंगावर जो काटा आला, तो आजही कधी कधी येतो. कारण विचारू नका.

संक्रांतीच्या अलीकडं एका संध्याकाळी सूर्यभानकाकांनी बोचकं बांधलं. त्यांचं बघून बाकीच्यांनीही.

"कुठं निघालात?" मावशी फाटकात आडवी झाली.

"स्टँडवर. तिथं निदान चहावाल्याची शेगडी तरी आसती. हिथं ओसरीवर मरायचं कामून?"

"काका, यवढ्या थंडीत..."

"मग खरं सांग. आत कोण हाय? काढ त्यास्नी बाहीर. न्हाईतर आमी जातो."

आतली कुजबुज थांबली. सगळी खोली कान देऊन बसल्यासारखी.

मावशीनं फाटकाचा गज घट्ट धरला. इतके दिवस ओठांत दाबलेलं अखेर सुटलं.

"गोपीचंद हाय. माऊली हाय. धुरपदा हाय. बाकीच्यांची तर मला नावंबी ठाऊक न्हाईत. म्याच बोलावलं त्यास्नी, काका... तुमच्या खाटा वाचाव्यात म्हणून. आन् आता जा म्हणायला माजं तोंड उचलत न्हाई. रस्त्यावरनं उचलून आणलेल्या माणसाला पुन्यांदा रस्त्यावर कसं काढू?"