सारजाच्या नावाची चिठ्ठी

सोसायटीची जीप दारात थांबली, तेव्हा कडूबाई भाकरी थापत होती.

"मुक्ताच्या चिठ्ठीवर बद्रीनाथची खोटी सही कुनी केली?" चेअरमन विठ्ठलरावांनी उंबऱ्यातूनच विचारलं.

दुष्काळात टँकर, रेशन, चारा सारं सोसायटीच्या ताब्यात गेलं, आणि त्यामागोमाग गावच्या बायकाही! पुरुषाच्या चिठ्ठीशिवाय बाईनं शीव ओलांडायची नाही, आणि एका पुरुषानं वर्षाला एकच चिठ्ठी द्यायची. बद्रीनाथच्या मुक्ताचं लग्न विठ्ठलरावांच्या विधुर भावाशी ठरवलं होतं. पण त्या दिवशी सकाळीच पोर चिठ्ठी दाखवून केजच्या जीपमध्ये बसली, ती गेलीच!

चुलीपाशी मुक्ताची आई सारजा पदर तोंडात कोंबून बसली होती. बद्रीनाथची सही तिनंच केली होती... कडूबाईनं भावजयीकडं एकवार पाहिलं, पिठाचे हात धुतले आणि ती उभी राहिली.

"म्या केली."

"आक्का!" बद्रीनाथ किंचाळला. "नवरा मेल्यावर तुला घरात घेतली, ती यासाटी? आजपासून तू मला मेलीस!"

आईवेगळ्या ज्या भावाला तिनं काखेत घेऊन वाढवलं, त्याचे हे शब्द! तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं. तरी ती आपणहून जीपकडं चालू लागली.

तिला सोसायटीच्या चारा छावणीत बिनपगारी कामाला डांबलं. सोडवायला भावाची तीच वर्षाची चिठ्ठी लागे. तीन वर्षं चिठ्ठी आली नाही.

आणि एका भर दुपारी बद्रीनाथच आला. आला तो शेणानं भरलेल्या तिच्या पायांवर कोसळला.

"आक्का, सारजानं समदं सांगितलं गं! कावून बोलली न्हाईस? चल घरी... ही बघ, तुझ्या नावाची चिठ्ठी!"

कडूबाईचे डोळे भरून वाहिले. घर... तिनं चिठ्ठी छातीशी धरली. मग हळूच विचारलं, "मुक्ता कशी हाय?"

"लातूरला हाय. तिनं तिकडंच लगीन केलं. दिवस भरलेत. घरात दुसरी बाई न्हाई."

"मग सारजा कधी निघती?"

बद्रीनाथनं तिच्या हातातल्या चिठ्ठीकडं पाहिलं. वर्षाची चिठ्ठी एकच होती.

"माझं नाव खोड, बद्री. तिचं लिही."

"आक्का, पुन्ना तूच का गं?"

"बाळंतपणाला आई पायजे रे. म्या काय, मेलेलीच हाय ना?"

त्या शब्दांनी तो लहान लेकरागत हुंदके देऊ लागला. तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. राग कधीच विझला होता, उरला होता तो नुसता कडवटपणा. मग त्यानं चिठ्ठीवरचं नाव बदललं.

फाटक लागलं. पलीकडून भाऊ वळून वळून पाहत होता. कडूबाईनं पाटी उचलली आणि हंबरणाऱ्या गाईंकडं निघाली.