तिसरा ठोका

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. रचायचं असतं, तर मी मध्यरात्र निवडली असती.

हे घडलं दुपारी चार वाजता, लख्ख उन्हात. गेल्या फेब्रुवारीत, कडेगावजवळच्या आमच्या घरात. आईला जाऊन एकवीस दिवस झाले होते.

आधी आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी.

माझे वडील, आबा, सैन्यात होते. सीमेवरच्या एका चौकीतून ते एकटेच जिवंत परतले. त्या सुट्टीत आईनं त्यांना हलवून उठवलं आणि झोपेतच त्यांचे हात तिच्या गळ्याभोवती आवळले. मी नऊ वर्षांची होते. मी किंचाळले, तेव्हा ते जागे झाले.

आई महिनाभर गळ्याशी पदर गुंडाळून वावरली. माहेरी गेली नाही. पण पुढची पंचवीस वर्षं तिनं त्यांना झोपेत हात लावला नाही.

ती उंबऱ्याबाहेर थांबायची. दाराच्या कडीवर रिकामा पेला तीनदा वाजवायची. तिसऱ्या ठोक्याला आबा म्हणायचे, "ये."

मगच ती आत जायची. तिसऱ्याआधी आबांनी हलायचं नाही, असं दोघांचं ठरलेलं.

शेजारच्या भामाबाई हसायच्या. "तुझ्या बापाला शाळंगत घंटा लागती. आमचं येडं तर ऊस पेटला तरी उठत न्हाई."

आई त्याच उंबऱ्यावर गेली. दुपारी चारला. हृदयविकार, डॉक्टर म्हणाले.

मी आबांना मिरजेला माझ्या घरी न्यायला थांबले होते. ते खोली सोडेनात. ताट तसंच परत यायचं. एकटे राहिले तर महिनाही काढणार नाहीत, हे मला दिसत होतं.

एकविसाव्या दिवशी मी चहा टाकत होते.

टण...

टण...

मग काहीच नाही.

बाहेर आले. उंबऱ्यावर कोणी नव्हतं.

कडी हलत होती.

पेला मीच कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

आबा आत डोळे मिटून ताठ पडले होते. दिवेलागणीपर्यंत तसेच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

भामाबाईंनी कुंपणावरून विचारलं, "तू बी आईगतच वाजवतीस व्हय? पण दोनच का गं?"

मी घरात आले. संध्याकाळी आबांजवळ बसले.

"त्या दिवशीबी दोनच वाजलं," ते म्हणाले. "मग कायतरी पडलं. असा आवाज झाला की मी परत चौकीत असतोय. गप पडून ऱ्हायलो. तिसऱ्याची वाट बघत."

"कवापर्यंत?"

"भामाबाई वरडली तवर."

त्या रात्री मी ठरवलं. तिसरा ठोका वाजला, तर हे संपेल. आबा उठतील, माझ्याबरोबर येतील.

एवढाच विचार केला होता मी.

दुसऱ्या दिवशी चारला पेला घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिले.

टण...

टण...

माझ्या कानाजवळ. माझा हात अजून खालीच होता.

मी पेला उचलला आणि तिसरा ठोका दिला.

"ये," आबा म्हणाले.

मी पाय उचलला.

"तू न्हाई, संयोगिता. तिला येऊ दे."

त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

माझ्या उजव्या हाताला काहीतरी गार घासून गेलं. आत कॉट करकरली...

आणि दार हळूच लागलं.

सकाळी आबा स्वतः उठून बाहेर आले. दोन भाकरी खाल्ल्या. कितीतरी दिवसांनी हसले.

गळ्याशी टॉवेल गुंडाळला होता. आई पदर गुंडाळायची, तसाच.

मी तो बाजूला केला. कातडीवर निळे वळ होते. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक.

बोटं बारीक होती.

"आबा, हे काय?"

"काय न्हाई गं. आता ती हातानं उठवती."

ते मिरजेला आले नाहीत. आता येणारही नाहीत.

आईनं त्यांना माफ केलं होतं का, हे मी तिला कधीच विचारलं नाही.

रोज सव्वाचारला मी फोन करते. ते उचलतात. झकास हाय म्हणतात, जेवलो म्हणतात.

फक्त आवाज... रोज आदल्या दिवसापेक्षा थोडा जास्त बसलेला असतो.