तिसऱ्या ओळीतली मोकळी जागा

चर्चच्या ऑर्गनवरच्या जुन्या इंग्रजी गीतपुस्तकातली दोन पानं डिंकाने एकमेकांना चिकटवलेली होती. ती तशीच ठेवायची, का ते विचारायचं नाही, असा नियम काकांनी पुतणीला, ती ऑर्गन वाजवायला लागली त्या पहिल्याच दिवशी घालून दिला होता.

"पण आहे काय त्यात?"

"विचारायचं नाही म्हटलं ना? अगदी आत्यावर गेलीयस!"

हे आत्याचं पालुपद ती कळायला लागल्यापासून ऐकत आली होती. आत्या म्हणजे काकांची धाकटी बहीण. ऑर्गनला हवा पुरवणारा भाता मारायची आणि सतराव्या वर्षी दम्याने घरीच, अंथरुणात गेली. एवढंच तिला माहीत. पोरीने उलट उत्तर दिलं, की ती आत्यावर गेलेली असायची. कॉलेजात पहिली आली तेव्हा मात्र ती काकांवर गेली होती.

शनिवारी दुपारी ती उद्याच्या उपासनेची तयारी करायला चर्चमध्ये एकटीच आली. बाहेर रणरणतं ऊन, आत मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास. पुस्तक उघडलं, तर उकाड्याने डिंकाची एक कड सुटलेली. तिने मागचापुढचा विचार न करता फटीत स्टीलची पट्टी सरकवली. पानं करकरत वेगळी झाली.

आत एक चाल होती. संगीत शिकताना तिने असल्या शेकडो चाली पालथ्या घातल्या होत्या. ही कुठेच भेटली नव्हती. माथ्यावर चालीचं नाव म्हणून इंग्लंडातलं कुठलंसं खेडं. तिने वाजवून पाहिली आणि तिचा जीव हरखला. पहिल्या दोन ओळी जिना चढावा तशा वर जात होत्या. तिसरी मध्येच तुटायची, पट्ट्यांवरून हात वर, पायपट्ट्यांवरून पाय वर, ऑर्गन अगदी गप्प. मग चौथी हलकेच खाली उतरायची. असली चाल डिंक लावून गाडून टाकतात? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती दुसऱ्यांदा वाजवायला लागली. तिसऱ्या ओळीतल्या त्या मोकळ्या जागेत मागून आवाज आला.

टक... टक... टक.

लाकूड तापलं असेल, असं तिने स्वतःला बजावलं. पुन्हा वाजवली. पुन्हा तेच, नेमकं तिथेच. सूर चालू असताना नाही, गीत संपल्यावरही नाही. आवाज ऑर्गनच्या पाठीमागच्या भात्याच्या खोलीतून येत होता. तिथे आता हवा भरायला फक्त मोटर होती. तिने मोटर बंद केली आणि ऑर्गनची एक पट्टी दाबून धरली. हवा संपून सूर मरायला हवा होता... मरेना. मागे काहीतरी कण्हत, दमत वर-खाली होत राहिलं.

"थांबव!"

चर्चच्या दारात काका उभे होते, शेजारी चर्चचे पाळकसाहेब. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नाही... थांबवू नकोस. दुसरं काहीतरी वाजव. मोठ्याने."

"मागे कोण आहे, काका?"

"कुणी नाही."

"मग घाबरताय कुणाला? किल्ली द्या."

"पोरी, जरा सबुरीने घे," पाळकसाहेब म्हणाले.

"सबुरीतच तुमचे केस पिकले, साहेब. किल्ली!"

काकांनी ती कशी काय दिली, त्यांचं त्यांनाच कळलं नसेल. खोलीच्या दाराचा रंग बाहेरून पार पोपडे धरून गळत होता. आत मोटर बंदच होती. भाता मारायचा दांडा कधीच कापून टाकलेला. त्याचा बोटभर खुंट तेवढा उरला होता. तो खुंट सावकाश वर-खाली होत होता.

आणि दाराच्या आतल्या बाजूला मात्र रंगाचे थरच्या थर. ताजे, गुळगुळीत.

"बाहेरून दार सडतंय आणि रंग आतून देता?" तिचा आवाज कापत होता, पण भीतीने नव्हे. "आत काय झाकलंयत?"

काका जवळच्या बाकावर मटकन बसले.

"त्या रविवारी तुझी आत्या अडून बसली. भाता मारणार नाही, आज ऑर्गन मी वाजवणार, म्हणाली. वाजवायचीही माझ्यापेक्षा चांगलं. बाबा, तुझे आजोबा, म्हणाले, उपासना संपेपर्यंत भात्यापाशी कोंडून घाल, मारेल मुकाट. कडी मी घातली..."

खुंट थांबला.

"हेच गीत लागलं होतं. भाता चालू होता, म्हणून वाटलं, ठीक आहे. तिचे हात मोकळे व्हायचे ते फक्त या एका जागेत. तेवढ्यात ती दार वाजवायची. प्रत्येक कडव्याला. त्याच खुणा आहेत त्या रंगाखाली."

"आणि तुम्ही?"

"वाजवत राहिलो. उपासना मध्येच मोडायची नसते."

"शेवटच्या कडव्यात हवा संपली," पाळकसाहेब पुटपुटले. "मी तेव्हा कॉयरमध्ये गात होतो. आम्हाला वाटलं, रुसली. साथीशिवाय म्हटलं आम्ही. फार छान झालं, म्हणाले सगळे."

"दम्याची मुलगी! या धुळीत!" ती उसळली. "आणि मला काय सांगितलंत, घरी अंथरुणात गेली? वर अपराधी कोण, तर ही बिचारी चाल! तिचं तोंड चिकटवलंत आणि तुम्ही दर रविवारी पहिल्या बाकावर!"

"झालं ते झालं," काका म्हणाले. "बाबांचं नाव आहे गावात. पानं चिकटवून टाक. उद्या नेहमीचं वाजव. नाहीतर... ऑर्गनवर बसायचं नाहीस तू."

"नाही चिकटवणार. उद्या हीच चाल वाजणार, सगळ्या कडव्यांसकट. ती जागा आली की मी हात वर घेणार, आणि ती कुणाची आहे ते लोकांना आधीच सांगणार. मला काढायचं असेल तर आत्ता काढा. पण मग उद्या वाजवायला तुम्ही बसा, काका. बसताय?"

काकांनी ऑर्गनकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मोटर बंद होती, खुंट निश्चल होता. त्या शांततेत उघड्या दाराआडून कुणीतरी खोल, लांबलचक श्वास आत ओढून घेतला. तिघेही कान देऊन राहिले. तो बाहेर सोडल्याचा आवाज काही केल्या येईना.