हिरव्या पाण्याचं गाव

बहात्तर सालची दिवाळी नुकतीच सरली होती. शहरातल्या सदर भागातल्या फोटो स्टुडिओत प्रेमिला फोटो पाकिटात भरता भरता थबकली. नारळाची झाडं थेट पाण्यावर वाकलेली, लांबच लांब वाळू… आणि माणूस एकही नाही!

"हे कुठलं जी?" फोटो न्यायला आलेल्या तरुणाला तिनं विचारलं.

"अंदमान." तो हसला. रविंद्रचं घर याच शहरात, सक्करदऱ्याला, नोकरी मात्र पोर्ट ब्लेअरच्या बंदरात. सुटीवर आला होता.

"पाणी तं काळंच दिसून राहिलं."

"काठाशी हिरवं… पुढे निळं. फोटोत नाही येत ते."

दुसऱ्या दिवशी तो नवा रोल धुवायला घेऊन आला. मग तिसऱ्याही दिवशी. प्रेमिलानं समुद्र पाहिला नव्हता, पण गावच्या विहिरीत ती उड्या मारतच वाढली होती.

"तिथं पोहता येते?"

"भरतीच्या वेळी. पाणी छातीइतकं, एकदम शांत. ओहोटीत पोवळ्याचे खडक पाय कापतात. खडकांपल्याड जायचं नाही, तिकडे ओढ आहे. अन् पावसाळ्यात तं उतरायचंच नाही."

"रोज पोहत असाल तुम्ही!"

त्याचे कान लाल झाले. "खरं सांगू?… मले पोहता येत नाही. हे सारं कोळ्यांनी सांगितलं. दोन वर्षं झाले, मी गुडघाभर पाण्यातच उभा राहून राहिलो."

प्रेमिला इतकी हसली, की आतून मालक डोकावले.

सुटी संपायला दोन दिवस होते. तो आला, पण रिकाम्या हातानं.

"रोल?"

"संपले. कालचा तं… उगाच तलावावरचे बगळे काढून संपवला."

"मंग आज काहून आले?"

"मले पोहणं शिकवाल?"

"इथं?"

"नाही… तिथं."

प्रेमिलानं मान खाली घातली, पण ओठांवरचं हसू काही लपेना.

तिचे वडील, मनोहरराव, संतापले. "काळ्या पाण्याले पोरगी देऊ मी?"

"काळं नाही, बाबा, हिरवं आहे," प्रेमिला म्हणाली. "अन् मले जायचं आहे."

तिसऱ्या दिवशी मनोहररावांनी विचारलं, "जहाज कुठून सुटते?"

लग्नानंतर मार्चमध्ये, अंदमानात भर भरतीच्या पाण्यात रविंद्र उताणा, डोळे गच्च मिटून पडला होता.

"पाठीखालचा हात काढू नको वं, प्रेमिला!"

"तो तं मी मघाशीच काढला जी," दोन हात लांबून प्रेमिला म्हणाली.