दुर्गदमनीचा नेम

पूर्वेस तांबडे फुटले, कनकदुर्गाच्या तटावरून धुके ओसरू लागले, आणि सरदार हैबतराव मोहोळकरांनी मिशांवर पालथी मूठ फिरवून जाहीर केले की दुर्गदमनी तोफेपुढे टिकेल असा गड विधात्याने अद्याप घडविलेला नाही. तीन महिन्यांच्या वेढ्यात दुर्गदमनीने एक म्हैस मारली होती. म्हैस छावणीचीच होती.

यात गोलंदाज सटवाजी धुमाळाचा दोष नव्हता. गड उंच, तोफ खाली. म्हणून त्या पहाटे सरदारांनी तोफेचे तोंड तटावरून काढून पायथ्याच्या पेठेकडे वळविण्याचा हुकूम केला.

"पेठेनं काय केलंय, सरकार?" सटवाजीने अदबीने विचारले.

"पेठ गडाला दाणागोटा पुरवते."

"आपल्यालाही पुरवते." तोफ थंड करायच्या पाण्याचे मडकेसुद्धा त्याने पेठेतल्या भिवा कुंभाराकडूनच आणले होते.

"पेठेचा आकांत ऐकून किल्लेदार गड खाली करील. चार घरे पडतील, चार हजार माणसे वाचतील. यालाच आम्ही दया म्हणतो," सरदार म्हणाले. त्यांचा डेरा पेठेपासून चांगला लांब होता.

सटवाजीने तोफेला हळदकुंकू वाहिले आणि रिवाजाप्रमाणे तिची क्षमा मागितली. पेठेची मागण्याचा रिवाज नव्हता. मग त्याने पहाटेच्या धुरावर नेम धरला. धूर दाट तिथे शत्रूचा मुदपाकखाना, असे त्याचे वडील सांगत. उभ्या हयातीत इतका अचूक गोळा त्याने टाकला नव्हता.

दुसऱ्या पहाटे त्या जागी धूर नव्हता. होता खापरांचा ढीग, आणि तो हातांनी उकरणारी एक बाई. मुदपाकखाना कसला, तो भिवाचा मडकी भाजायचा आवा होता.

सरदारांनी पुन्हा बत्तीचा हुकूम दिला. तेव्हा, जिला त्याने वीस वर्षे लेकीसारखे तेलपाणी केले, जिच्या एका गर्जनेवर त्याची सारी इभ्रत उभी होती, त्या दुर्गदमनीच्या कानात, बत्ती द्यायच्या छिद्रात, सटवाजीने साऱ्या फौजेदेखत पोलादी मेख ठोकली.

"आता ही बोलायची नाही, सरकार. मान हजर आहे."

हैबतरावांनी तलवार उपसली, आणि तेवढ्यात गडावर पांढरे निशाण चढले. कालच्या गोळ्यानेच काम केले होते. आनंदाच्या भरात सरदार मेख विसरले, आणि अचूक नेमाबद्दल त्यांनी सटवाजीच्या मनगटात सोन्याचे कडे चढविले. मेख वाया गेली होती; गोळा मात्र सत्कारणी लागला होता.

मान शाबूत राहिल्याचे त्याला काही केल्या सुख होईना. तो पेठेत उतरला. भिवा घोंगडीखाली निजला होता, पाय उघडे. सटवाजीने कडे काढून त्याच्या बायकोपुढे ठेवले.

"गोळा माझा होता, बाई."

तिने कड्याकडे पाहिलेही नाही. तिरडी बांधून झाली होती. पुढे विस्तव न्यायला मडके हवे, आणि कुंभाराच्या घरात धड असे एकही उरले नव्हते.

"तुमच्या तोफेपाशी आमच्यातलं एक आहे ना?" ती म्हणाली. "फुटलं नसेल, तर तेवढं आणून द्या."