हशा संपेपर्यंत

आमच्या बँडमध्ये वाजवणारे आणि लोकांना हसवणारे मिळून तिघे आहेत, आणि त्या तिघांना वेळेवर उठवणारी, जेवायला बसवणारी, विमानात चढवणारी मी. कागदोपत्री मी साउंड इंजिनिअर. गायक माझा सख्खा धाकटा भाऊ. पोस्टरवर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, पण घरी तो बारक्या, आणि दाराची चौकट डोक्याला लागायला लागली तरी बारक्याच राहिला. ड्रम वाजवतो त्याला सगळे मामा म्हणतात. तो कुणाचाच मामा नाही. गिटारवाला दातांचा दवाखाना बंद करून आमच्यात आला, म्हणून डॉक्टर. बिघडलेलं वॉशिंग मशीन, सोसायटीची मीटिंग, कधीच न लागणारा फोन असल्या विषयांवर हे तिघे कानठळ्या बसतील असं रॉक गातात. मधेच गाणं थांबवून बारक्या बोलतो, आणि लोक पोट धरून हसतात. मला त्यातलं निम्मं कळत नाही. मी स्वतः विनोद सांगायला लागले की ऐकणारा घड्याळाकडे बघतो. लहानपणी तर आई सरळ म्हणायची, "पुरे गं, तू आपली अभ्यासाला बस."

त्या दौऱ्यात आम्ही देशोदेशी पांगलेल्या आपल्या माणसांसमोर कार्यक्रम करत फिरत होतो. हा शेवटचा, आणि तोही दुपारचा. संध्याकाळी घरी परतायचं विमान होतं. ते गाठायलाच हवं होतं, कारण आई हॉस्पिटलात होती. हृदयाची झडप बदलायची होती, सर्जननी तारीख दिली होती आणि यापुढे एक दिवसही ढकलायला ते तयार नव्हते. आई आपल्या हट्टावर अडून बसली होती. "बारक्या दिसल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही." बारक्या दौरा अर्धवट सोडून निघालाच होता, पण तिनेच त्याला फोनवर झापलं. "लोकांनी तिकिटं काढलीत ना? मग हसवून ये." मी तिला शब्द दिला होता की कार्यक्रम संपला की याचं बखोट धरून थेट तिच्या खाटेपाशी आणते.

हॉल जुना होता, पण चांगला ठेवलेला. लाल खुर्च्यांची मखमल हाताच्या जागी झिजून नुसतं कापड उरलं होतं. फरशी पुसायच्या औषधाचा वास येत होता आणि त्याखाली दमट गालिच्याचा. स्टेजमागे एक लांब बोळ, त्यात मेकअपची खोली, आणि बोळाच्या टोकाला रस्त्यावर उघडणारं लोखंडी दार. मी आधी ते दार उघडतं का ते पाहिलं, मग टॅक्सीवाल्याला तिथेच यायला सांगितलं. आयोजक जाडजूड, हसतमुख गृहस्थ होते.

"इथे कार्यक्रम फार रंगतात हो," ते म्हणाले. "फक्त संपायला जरा वेळ लागतो."

"आमचा वेळेवर संपतो," मी म्हणाले.

ते यावरही हसले.

आमच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी. बँडचे तिघे कानात इअरपीस घालून वाजवतात, म्हणजे ड्रमच्या दणदणाटातही त्यांना एकमेकांचं नीट ऐकू येतं. पण कान असे बंद केले की प्रेक्षक ऐकू येत नाहीत, आणि प्रेक्षक हसले की नाही हे कळल्याशिवाय बारक्याचं पान हलत नाही. म्हणून मी स्टेजच्या कडेला दोन माइक प्रेक्षकांकडे तोंड करून उभे करते आणि तिकडचा हशा यांच्या कानात सोडते. बारक्याचा नियम पक्का आहे: हशा चालू असताना पुढचं वाक्य बोलायचं नाही. तो एक हात वर करतो आणि थांबतो. मामाच्या काठ्या हवेत, डॉक्टरचा तळवा तारांवर. शेवटचा माणूस हसायचा थांबला की हात खाली आणि पुढचं वाक्य. "हसणाऱ्याच्या तोंडावर बोलणं म्हणजे जेवणाऱ्याचं ताट ओढणं," असं तो म्हणतो, आणि या एका बाबतीत मामा नि डॉक्टर त्याचं निमूट ऐकतात.

रिकाम्या हॉलमध्ये आम्ही आवाज तपासायला घेतला. त्यासाठी बारक्या नेहमी आपला सर्वांत भिकार विनोद सांगतो.

"आमच्या शेजाऱ्यांचा कुत्रा इतका आळशी आहे, की चोर आला तर मला मिस्ड कॉल देतो."

माझ्या हेडफोनमध्ये कुणीतरी हसलं.

एकच माणूस. मनापासून, जरा उशिरा कळल्यासारखा. मी हेडफोन काढून मागे पाहिलं. खुर्च्या रिकाम्या होत्या, आयोजक बाहेर तिकिटं तपासणाऱ्यांशी बोलत होते. स्टेजवर बारक्या खूश होऊन हात वर करून उभा होता.

"कुणीतरी हसलं बुवा या जोकला," तो म्हणाला. "ताई, तू तर नाहीस?"

"माइकमध्ये बाहेरचं काहीतरी घुसलं असेल," मी म्हणाले. वायरी बदलल्या, जोडण्या तपासल्या. पुन्हा काही ऐकू आलं नाही, आणि माझ्यापुरता तो विषय संपला.

हॉल भरला. आजोबा-आजी, पोरंबाळं, ऑफिसातून अर्धी रजा टाकून आलेली जोडपी. पहिल्या गाण्यापासून कार्यक्रमाने पकड घेतली. फक्त एक गोष्ट मला खटकत होती. हॉलमधला हशा ओसरला तरी हेडफोनमधला किंचित मागे रेंगाळायचा. आधी एखादा श्वासभर, मग त्याहून जास्त. जुन्या हॉलमध्ये आवाज घुमतो, असं म्हणून मी तो हशा जरा कमी केला. रेंगाळणं तेवढंच राहिलं. आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की त्यात लहान मुलांचा आवाज नव्हता. समोर तर पोरं खिदळत होती.

शेवटच्या गाण्याआधी बारक्या आपल्या लग्न न जमण्याबद्दल बोलला. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. त्याने हात वर केला. मामाच्या काठ्या हवेत, डॉक्टरचा तळवा तारांवर.

लोक हसले, दमले, गप्प झाले.

हात वरच होता.

हा ताणतोय, असं लोकांना वाटलं आणि ते पुन्हा हसले. मग टाळ्या झाल्या. मग कुणीतरी शिट्टी मारली. बारक्या समजूतदार चेहऱ्याने, ओठांवर ते नेहमीचं अर्धं हसू ठेवून थांबला होता. माझ्या कानात हशा उतू जात होता.

मी प्रेक्षकांचे माइक बंद केले. हशा चालूच. वायरी उपटल्या. चालूच. मग माझा सगळा साउंड बोर्डच बंद केला, त्यावरचे दिवे विझले, आणि हातातला हेडफोन लांब धरला तरी त्यातून बारीक हसणं ऐकू येत होतं.

लोक चुळबुळायला लागले. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "असंच असेल यांचं शेवटचं. चला, पार्किंगला गर्दी होईल." तिच्यामागून एक ओळ उठली, मग दुसरी. जाताना बऱ्याच जणांनी स्टेजकडे बघून हात हलवले. शेवटी आयोजकांनी हॉलचे दिवे लावले.

"म्हटलं होतं ना," ते मला हळूच म्हणाले, आणि दार लोटून निघून गेले.

मी स्टेजवर धावले. मामाचे दंड थरथरत होते, मानेवरून घाम ओघळत होता, पण काठ्या खाली येत नव्हत्या. डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी होतं. मी बारक्याला हलवलं.

"बारक्या, लोक गेले. हात खाली घे."

"थांब ना ताई," तो ओठ न हलवता पुटपुटला. "हसतायत अजून."

"कोण?"

"सगळे."

मी त्याचा वर केलेला हात दोन्ही हातांनी ओढला. लहानपणी मी त्याला एका हाताने उचलायची. आता तो हात जागचा हलला नाही. बोळाच्या टोकाकडून टॅक्सीचा हॉर्न ऐकू आला. मला रडू फुटायला आलं. आई खाटेवर दाराकडे डोळे लावून पडली असेल, आणि हा इथे रिकाम्या खुर्च्यांसमोर शहाण्यासारखा उभा.

मी त्याच्या एका कानातला इअरपीस काढून माझ्या कानात घातला. वायर तोकडी, त्यामुळे आमची डोकी एकमेकांना चिकटली.

केवढी माणसं होती ती! हॉलमध्ये मावतील त्याहून कितीतरी जास्त. ती दुष्ट नव्हती, वेडी नव्हती. नुसती खूश होती. पण तो हशा माझ्यासाठी नव्हता, त्यामुळे मला बोलता येत होतं. दुसऱ्या कानाने तरी तो ऐकेल, म्हणून मी त्याच्या हातातला माइक ओढून घेतला. बोर्ड बंद आहे हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

"आई वाट बघतेय," मी ओरडले. "तू दिसल्याशिवाय ती ऑपरेशन करून घेणार नाही. आज विमान चुकलं तर आई मरेल रे!"

माझा आवाज हॉलभर घुमला.

क्षणभर कानात शांतता झाली.

मग ते हसले.

आतापर्यंतचा हशा त्यापुढे काहीच नव्हता. दम लागून, हुंदके देऊन, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसत होते ते.

मामाच्या काठ्या खाली पडल्या. डॉक्टर गिटारसकट मटकन खाली बसला. बारक्याचा हात सुटला. झोपेतून उठल्यासारखं त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"अरे, संपला? ताई, किती वाजले? विमान आहे ना आपलं?"

मी तोंड उघडलं. पण हशा चालू होता, आणि आता तो माझा होता. मी एक हात वर केला.

"ताई?"

त्याने माझ्या कानातला इअरपीस ओढून काढला. काही फरक पडला नाही.

मला भीती वाटत होती. आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटत होतं. आयुष्यात माझ्या बोलण्यावर कुणी असं हसलं नव्हतं.

मामा आणि डॉक्टर बॅगा घेऊन बोळात पळाले. लोखंडी दार उघडल्याचा आवाज आला, उजेड आत आला, रस्त्यावरची गार हवा आली. बारक्या माझा दंड धरून रडकुंडीला आला होता. "ताई, चल ना गं. आई वाट बघतेय."

हशा हळूहळू ओसरला. शेवटी एकटाच कुणीतरी हसत राहिला, मग तोही थांबला. माझा हात आपसूक खाली आला. पाय मोकळे झाले. दार उघडं होतं, मला जाता आलं असतं.

पण ते सगळे गप्प बसून वाट बघत होते.

बारक्याला मागे सारून मी खुर्च्यांकडे तोंड केलं.

"आई," मी माइकमध्ये म्हणाले, आणि तिथे जरा थांबले. मघाशी हशाची ती जागा मी घाईत वाया घालवली होती.